जर्मन व्याकरण, व्हाया मराठी

मराठी माणसानं जर्मन शिकताना मध्ये इंग्रजीला आणू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. श्टुटगार्टला राहायला आल्यावर बेकरीत, दवाखान्यात, इमारतीच्या जिन्यात आणि मुलीच्या पाळणाघराच्या दारात जे कानावर पडत गेलं, त्यातून ते तयार झालं. जर्मनची पहिली पातळी मी पुण्यात केली होती. तिथे सगळं इंग्रजीतून समजावून सांगत. 'आय ॲम कोल्ड' म्हणायचं असेल तर जर्मन लोक 'टू मी इज कोल्ड' म्हणतात, ही त्या भाषेची खासियत आहे, पाठ करून टाका. वर्गानं ते वहीत अपवाद म्हणून उतरवून घेतलं. वर्गात बहुतेक मुलं मराठी होती आणि त्यातलं प्रत्येक जण घरी 'मला थंडी वाजतेय' असंच म्हणत होतं.

इथल्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. बसथांब्यावर एक आजी उभ्या होत्या. हातमोजे एकमेकांवर घासत त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'मिर इस्ट काल्ट. ईनेन आउख?' मला गार वाटतंय, तुम्हालाही? मी म्हणाले, 'मिर आउख.' मलाही. एवढंच संभाषण. पण त्यात इंग्रजीला कुठे जागाच नव्हती. त्यांचं 'मिर' म्हणजे माझं 'मला', त्यांचं 'ईनेन' म्हणजे माझं 'तुम्हाला'. थंडी मी करत नाही, ती मला होते, हे आम्हा दोघींच्या भाषांना आधीपासून ठाऊक होतं.

त्या दिवसापासून मी 'मिर' ऐकायला लागले आणि ते सगळीकडे सापडायला लागलं. मला कंटाळा आलाय, मला चक्कर येतेय, मला मळमळतंय, मला आवडलं, मला चव लागली, मला आठवलं, मला सुचलं, मला तुझी उणीव भासते. या सगळ्या वाक्यांत जर्मन माणूस चतुर्थी विभक्तीत जाऊन बसतो, आपल्यासारखाच. कपड्यांच्या दुकानात मैत्रिणीला कोट आवडला तर 'मिर गेफेल्ट डेर मांटेल', बूट आवडले तर 'मिर गेफालेन डी शूहे'. क्रियापद बुटांच्या मागे गेलं. मला कोट आवडतो, मला बूट आवडतात. मराठीतही ते बुटांच्याच मागे जातं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे कर्ता कोण आणि कर्म कोण हे उलटं करून बसवावं लागतं. मराठी माणसाला काहीच उलटं करावं लागत नाही, फक्त कुणीतरी त्याला तसं सांगावं लागतं.

दवाखान्यात याचं महत्त्व कळतं. 'मिर इस्ट श्लेष्ट' म्हणजे मला मळमळतंय. 'इश बिन श्लेष्ट' म्हणजे मी वाईट आहे. डॉक्टर रुग्णाला विचारतात, 'व्हास फेल्ट ईनेन?' काय होतंय तुम्हाला? प्रश्नच चतुर्थीत येतो, उत्तरही तिथूनच सुरू करायचं.

बेकरीत दुसरा धडा. इथे कुणी 'मला दोन पाव पाहिजेत' असं थेट म्हणत नाही. 'इश हेटे गेर्न' म्हणतात. हे हेटे म्हणजे '(जवळ) असणे' या क्रियापदाच्या भूतकाळापासून, हाटेपासून, बनवलेलं संकेतार्थी रूप. वर्गात त्याला भारदस्त नाव आहे, त्याचा तक्ता आहे आणि तो बराच पुढच्या धड्यांत येतो. प्रत्यक्षात पहिल्याच सकाळी पाव आणायला गेलं की तो लागतो. आमच्या साताऱ्याच्या वाण्याकडे आजीनं मला पाठवलं की मी काय म्हणायचे? 'काका, एक किलो साखर हवी होती.' साखर आत्ताच हवी असते, तरी 'होती'. फोनवर आपण 'जरा विचारायचं होतं' म्हणतो, तेव्हा विचारायचं अजून बाकीच असतं. इथे ऑफिसात लोक 'इश व्होल्टे फ्रागेन' म्हणून बोलणं सुरू करतात, तेही भूतकाळाचंच रूप. गरज थोडी मागे सरकवली की ती समोरच्याच्या अंगावर येत नाही. ही आदब मराठी घरात वाढलेल्या मुलाला कुणी शिकवलेली नसते, ती त्याच्या जिभेवरच असते.

त्याच काउंटरवर द्वितीया विभक्तीही मिळते. कॉफी पुल्लिंगी, म्हणून 'आयनेन काफे'. ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेला पाव, स्त्रीलिंगी, ती 'आयने'. ब्रोट, म्हणजे साधा पाव, नपुंसकलिंगी, ते 'आयन'. द्वितीयेत बदलतो तो फक्त पुल्लिंगी शब्दाचा आर्टिकल, म्हणजे नामाआधीचा छोटा शब्द, बाकीचे जिथल्या तिथे. रांगेत उभं राहून पुढच्या माणसांच्या ऑर्डरी ऐकल्या की हा नियम आपोआप कानात बसतो, कारण कुणी ना कुणी कॉफी मागतंच. पुस्तकातल्या चार ओळी आणि तीन रकान्यांच्या तक्त्यापुढे बसून जे बसत नाही, ते रांगेत बसतं. मी तर शिकणाऱ्या सगळ्यांना सांगते, गर्दीच्या वेळी जा आणि मुद्दाम शेवटी उभ्या राहा.

लिंगांबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण जर्मनला घाबरून परत फिरणारे इथूनच फिरतात. पुल्लिंगाला डेर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकलिंगाला डास. तीन लिंगं, त्यात तर्क नाही, खुर्ची पुल्लिंगी का आणि दार स्त्रीलिंगी का, अशी तक्रार ज्याच्या त्याच्या तोंडी. इंग्रजी बोलणाऱ्यानं ती केली तर ठीक आहे. हिंदी बोलणाऱ्यानं निदान तिसऱ्या लिंगाबद्दल करावी. पण आपण? आपल्याकडे तो दरवाजा, ती खिडकी आणि ते दार एकाच भिंतीत नांदतात. ती बस, तो फोन, ते तिकीट. हे तिन्ही शब्द बाहेरून आले आणि त्यांची लिंगं कुठल्याही समितीनं ठरवली नाहीत. तरी कुणी 'तो तिकीट' म्हणालं तर आपल्या कानाला लगेच खटकतं. ज्या कानानं हे केलं तो कान जर्मनसाठी वेगळा आणायचा नाही. त्याला फक्त भरपूर ऐकवायचं.

मुलगी किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जायला लागली तेव्हा तिच्यासाठी वाचनालयातून शेतावरच्या जनावरांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणलं होतं. एका पानावर आई, समोरच्या पानावर पिल्लू. गाय डी, मेंढी मात्र डास. आणि समोरच्या पानांवर सगळीकडे डास. डास काल्ब, डास लाम, डास फोलेन, डास क्युकेन. मी तिला मराठीत सांगत होते, हे वासरू, हे कोकरू, हे शिंगरू, हे कोंबडीचं पिल्लू. दोन-तीन पानं उलटल्यावर माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक वेळी 'हे' म्हणतेय आणि पुस्तक प्रत्येक वेळी 'डास'. लहान जीव अजून तो किंवा ती झालेला नाही, तो 'ते' आहे, ही समज दोन्ही भाषांत आहे. मूल, लेकरू, पाखरू, करडू. जर्मन मुलगी 'डास मेडशेन' का, यावर किती जण हैराण होतात. त्याचं व्याकरणातलं कारण सरळ आहे, 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगीच होतो. पण ज्या आईनं आपल्या लेकीला 'माझं गुणाचं बाळ ते' म्हटलंय, तिला हे परकं का वाटावं? आमच्या इकडच्या, श्टुटगार्टच्या भागातल्या श्वाबियन बोलीत 'शेन'च्या जागी 'ले' येतो. घराचं हॉइस्ले, पावाचं व्हेकले, आणि नियम तोच.

सगळीच लिंगं जुळतात असं मी म्हणत नाही. इथे सूर्य स्त्रीलिंगी आहे. चंद्र पुल्लिंगी, तो आपल्यासारखा. आमच्या शहरातून वाहणारी नेकार नदी पुल्लिंगी, ऱ्हाइनही पुल्लिंगी, पण डॅन्यूब आणि एल्ब स्त्रीलिंगी. लोणी प्रमाण जर्मनमध्ये डी बुटर, तर आमच्या शेजारच्या काकू कायम डेर बुटर म्हणतात, कारण दक्षिणेकडच्या बोलींत ते पुल्लिंगी आहे. आणि 'झे' हा शब्द पाहा. पुल्लिंगी असला तर तळं, स्त्रीलिंगी असला तर समुद्र. म्हणून दक्षिण सीमेवरचा बोडेनझे पुल्लिंगी आणि उत्तरेचा नॉर्डझे स्त्रीलिंगी. हे ऐकून माझ्या वर्गातली इतर देशांची मंडळी हवालदिल झाली होती. मला आपली 'वेळ' आठवली. माझा वेळ गेला, पण जेवायची वेळ झाली. लिंग बदललं की अर्थ सरकतो, हे आपण दिवसातून दहादा करतो.

सामान्यरूपाची गंमत तर मला इथे आल्यावरच कळली. शाळेत सामान्यरूप म्हणजे नुसता गुणांचा प्रश्न होता. तो मोठा मुलगा. आता त्याला काहीतरी द्यायचंय. 'तो मोठा मुलगाला' होत नाही. त्या मोठ्या मुलाला. 'तो' बदलला, 'मोठा' बदलला, 'मुलगा' बदलला. जर्मनमध्ये बघा. डेर ग्रोसे युंगे. त्याला द्यायचं तर डेम ग्रोसेन युंगेन. तिन्ही शब्द बदलले, त्याच क्रमानं. विशेषणांचे प्रत्यय हा जर्मनचा सगळ्यात अवघड भाग मानतात, आणि तो अवघड आहेच, मी त्याला सोपा म्हणणार नाही. पण 'विशेषणाला विभक्तीशी काय देणंघेणं' हा जो पहिला अडथळा असतो, तो मराठी माणसाच्या वाटेत मुळात नाही. 'मोठ्या' हा शब्द बोलता येतो त्याला 'ग्रोसेन' का होतं हे आतून कळतं.

मराठी आणि जर्मन एकाच इंडो-युरोपीय भाषाकुळातल्या, त्यामुळे यातलं काही खरोखरच नात्यातून आलेलं आहे. फ्रान्झ बोप्प या जर्मन विद्वानानं १८१६ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनिक भाषांची क्रियापदं शेजारी शेजारी मांडून दाखवली आणि तिथून तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला. तीन लिंगं हा त्या कुळाचा जुना ठेवा. हिंदीनं त्यातलं एक सोडलं. मराठीनं, गुजरातीनं आणि कोकणीनं तिन्ही राखली. 'मला थंडी वाजते' या रचनेचं मात्र तसं नाही. ती आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये आणि पलीकडे तमिळमध्येही आहे, त्यामुळे तिच्यावरून जर्मनशी सोयरीक सांगता येणार नाही. मला शिकायला सोयरिकीची गरजही नाही. रचना जुळते, एवढं पुरे.

वाक्यातल्या शब्दांच्या क्रमाचं तसंच. इश फारे मॉर्गेन मिट डेम त्सुग नाख उल्म. मी जाते उद्या ट्रेननं उल्मला. क्रियापद सोडलं तर क्रम पाहा. आधी केव्हा, मग कसं, मग कुठे. मी उद्या ट्रेननं उल्मला जाते. इंग्रजीत हा क्रम बरोबर उलटा होतो, म्हणून इंग्रजीतून शिकवताना त्याचा वेगळा नियम करून शिकवावा लागतो. उपवाक्यात तर क्रियापदही शेवटी जातं. किटात मी फोन करून सांगते, आज आम्ही येणार नाही, 'व्हाइल मायने टोख्टर क्रांक इस्ट'. कारण माझी मुलगी आजारी आहे. शब्दाला शब्द. वाक्य संपेपर्यंत क्रियापदाची वाट पाहावी लागते म्हणून लोक जर्मनच्या नावानं बोटं मोडतात. आपण जन्मभर तेच करत आलोय. 'मी काल तुमच्या भावाला स्टेशनवर' इथपर्यंत ऐकून कुठला मराठी माणूस घाबरतो?

आकड्यांतही हेच. एकवीस म्हणजे एक आणि वीस, इथे आयन-उंट-त्स्वान्त्सिग. आधी एकम, मग दशक. फोनवर कुणी आकडे जोडीनं सांगितले की इंग्रजीतून विचार करणारा हात उलटा लिहितो. मी ते मराठीत ऐकते आणि लिहिते. अडीच वाजले की 'हाल्ब ड्राय', तिसऱ्याचा अर्धा, आणि आपलं अडीच ज्या संस्कृत शब्दापासून घडलं तो अर्धतृतीयही हेच सांगतो.

मराठी जिथे साथ सोडते त्या जागाही सांगायला हव्यात. पहिली म्हणजे जागा दाखवणारी नऊ शब्दयोगी अव्ययं. आत, वर, खाली, पुढे, मागे, शेजारी वगैरे. वस्तू तिथे असेल तर चतुर्थी, तिथे जात असेल तर द्वितीया. आपण 'कपाट कोपऱ्यात ठेव' म्हणतो आणि 'कपाट कोपऱ्यात आहे' म्हणतो. कोपरा दोन्हीकडे तोच. जर्मनमध्ये ठेवताना 'इन डी एके', ठेवून झालं की 'इन डेर एके'. हे मी घर बदलताना शिकले. शेजारचे काका एका बाजूनं कपाट धरून उभे, दुसऱ्या बाजूला मी. जिन्याच्या वळणावर ते ओरडले, 'आन डी व्हांड! आन डी व्हांड!' भिंतीकडे, भिंतीकडे. मी माझी बाजू भिंतीला टेकवली. त्यांनी हात सोडले, दम घेतला, कपाटाकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, 'झो. येट्स्ट श्टेट एर आन डेर व्हांड.' आता उभंय भिंतीशी. डी आणि डेर यांच्यामध्ये कपाट हललं होतं, एवढाच फरक. आजही कुठली विभक्ती अशी शंका आली की मी स्वतःला विचारते, कपाट हलतंय का थांबलंय?

जिन्याचंच निघालं म्हणून. श्वाबियन लोकांच्या इमारतींत केअरव्होखे असते, म्हणजे जिना झाडायची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला ती लाकडी पाटी येऊन लटकते. खाली नियमावली लावलेली. 'डास ट्रेपेनहाउस इस्ट व्योशेन्टलिश त्सु रायनिगेन.' जिना दर आठवड्याला झाडायचा आहे. कुणी झाडायचा हे वाक्यात नाही, पण झाडायचा आहे हे पक्कं. मराठीत हीच रचना, हाच सूर. भाड्याच्या घराचे करार, नगरपालिकेची पत्रं, शाळेच्या सूचना या 'त्सु'नं भरलेल्या असतात आणि नवीन आलेल्या माणसाला तीच कागदपत्रं सगळ्यात आधी वाचावी लागतात. षष्ठी विभक्तीही बोलण्यात कमी आणि अशा पत्रांतच जास्त भेटते, किंवा प्लॅटफॉर्मवर गाडी उशिरा का येतेय हे सांगणाऱ्या घोषणेत.

हे सगळं मी लिहितेय ते आता येणाऱ्यांसाठी. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि आमचं बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कामांसाठी गावोगावची मुलं-मुली जर्मन शिकायला लागली आहेत. त्यातले कितीतरी मराठी माध्यमातले आहेत. त्यांना आधी इंग्रजीची भीती आणि वर त्या इंग्रजीतून जर्मन. एक भिंत चढण्यासाठी दुसरी भिंत का बांधायची? इथल्या सरकारी एकात्मता अभ्यासक्रमातला भाषेचा भाग साधारण ६०० तासांचा आहे आणि बी-१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत नेतो. नर्सना परवान्यासाठी सहसा तिच्या वरची बी-२ लागते. म्हणजे वाट लांब आहे. ती चालणाऱ्याच्या हातात त्याची स्वतःची भाषा द्यावी, एवढंच माझं म्हणणं. मराठीतून जर्मन शिकवणारी चांगली पुस्तकं हवीत, वर्ग हवेत, आणि त्यातली उदाहरणं मुंबईच्या विमानतळावरची नकोत, इथल्या वॉर्डातली हवीत.

आम्ही काही जणींनी वाचनालयाच्या खोलीत शनिवारी दुपारी असा एक वर्ग सुरू केला आहे. येणाऱ्यांत बहुतेक नर्सिंगच्या प्रशिक्षणाला आलेली मुलं-मुली. पहिल्या दिवशी फळ्यावर 'स ला ते, स ला ना ते' लिहिलं तेव्हा सगळ्यांनी एका सुरात म्हणून दाखवलं. द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय आपल्याकडे एकच, आणि तिथेच खरं काम आहे. पेशंटला मदत करणं, पेशंटला उचलणं, पेशंटला विचारणं, पेशंटला उत्तर देणं. मराठीत चारही 'ला'. जर्मनमध्ये मदत आणि उत्तर चतुर्थीत, 'डेम पात्सिएन्टेन', उचलणं आणि विचारणं द्वितीयेत, 'डेन पात्सिएन्टेन'. आम्ही फळ्याचे दोन भाग केले आणि ज्याच्या त्याच्या ड्युटीतली क्रियापदं त्यात भरत गेलो. जालन्याची एक मुलगी म्हणाली, ताई, केस धुतले तर? ते तर केसांना धुतलं, पेशंटला नाही. अगदी बरोबर विचारलंस, मी म्हटलं. केस द्वितीयेत, आणि ज्याचे केस तो चतुर्थीत. 'इश व्हाशे डेम पात्सिएन्टेन डी हारे.' तिनं ते वहीत लिहिलं आणि खाली स्वतःहून दात, हात आणि पाठ यांची वाक्यं करून दाखवली. तिन्ही बरोबर होती.

पुढच्या शनिवारी मुख्य वाक्यातली क्रियापदाची दुसरी जागा घेणार आहोत. 'आज मी जाते' इथे 'आज जाते मी' होतं, पहिला शब्द कुठलाही असो, क्रियापद दुसरंच. तिथे मराठीची काही मदत होत नाही, म्हणून तो तास पूर्ण जर्मनमधूनच घ्यायचा असं ठरलं आहे.